हेलकावे शमवणारं यंत्र

बिश्केकच्या बसथांब्यावरचा दिवा आज एकदाही लुकलुकला नाही, हे रांगेतल्या उर्कियाच्या लक्षात आलं. तिच्यामागे वीजकेंद्रातले दोघे बोलत होते: तरुण मीरिम आणि ती आदराने ‘बाइके’ म्हणायची ते तिचे वयस्कर साहेब.

“शायलोबेक बाइके, साऱ्या शहराने हीटर लावले, तरी लांबच्या तारांमधले विजेचे हेलकावे लगेच विरले.”

“पाहिलं गं, मीरिम.”

“तुम्ही इतकी वर्षं बंद ठेवलेल्या यंत्रामुळे!”

“एकदा त्यानेच हेलकावे वाढवले होते.”

“तेव्हा ते चुकीचं जुळवलं होतं. आता मी नीट जुळवलंय. नाहीतर भार कमी करायला आजही दूरच्या नारिन गावाची वीज तोडली असतीत.”

“तोडावीच लागली असती. माझी सून तिथंच बाळंतीण आहे.”

“म्हणून एवढ्या थंडीत घाम फुटला होता होय!”

“हस, हस.”

“मग, यंत्राची आजची चाचणी तर संपली. बंद करायला सांगू?”

“नको गं. आता कायमचं चालू राहू दे.”