हातचा एक

…नाही नाही, मला सांगा, चार ते सात ही काय पोरांना शिकवायची वेळ झाली? शाळेतून पोर दमून येतं, एका हातानं बूट काढतं, दुसऱ्या हातानं बिस्कीट तोंडात कोंबतं, की पुन्हा तेच बूट! कुठे? तर क्लासला. तोही साधासुधा नाही, ॲडव्हान्स! सहावी ते आठवीच्या हुशार मुलांसाठी, इंग्रजी आणि गणित. मी सुनेला म्हटलं, अगं, सातवीतच नववीचं शिकवणार, मग नववीत काय, परत सातवीचं? तर सून म्हणते… तिचा आवाज नाकातून येतो, ऐका हं… "बाबा, तुम्हाला नाही कळायचं." खरंय बुवा. मी सातवी नापास!

तुम्हाला सांगतो, चार ते सात ही माझी वेळ होती. माझी आणि नातीची. आमची ही गेल्यापासून घरात माझ्याशी दोनच जणं बोलतात, एक नात आणि दुसरा रेडिओ, आणि रेडिओ माझं ऐकून घेत नाही. नात म्हणजे कशी? तर माझीच धाकटी आवृत्ती! समोरच्या रिटायर्ड मास्तरांची बेल वाजवून आम्ही दोघं जिन्याखाली लपायचो. मास्तर दार उघडून ओरडायचे, "कोण आहे रे तिकडे?" आणि आम्ही तोंडात रुमाल कोंबून… आहाहा! आता सोमवार, बुधवार, शुक्रवार ती क्लासला. परवा एकट्यानं वाजवली बेल. लपलो. मास्तरांनी दार उघडलं, जिन्याखाली वाकून बघितलं आणि म्हणाले, "आज एकटेच?" सांगा, याला काय मजा म्हणायची?

आणि गणित तिला शिकवलं कोणी? मीच ना! लहानपणी बेरजेत हातचा विसरायची. म्हटलं, हातचा म्हणजे हातातच धरायचा. हे घे माझं बोट, धर! धरायची. "हातचा एक!" असं ओरडायची आणि बेरीज होईपर्यंत सोडायची नाही. आता म्हणते, "आजोबा, आम्ही आता क्ष शिकतो." सर सांगतात, "समजा क्ष." अरे, काय समजा? अठ्ठ्याहत्तर वर्षं मी समजूनच घेतोय सगळ्यांना! आणि इंग्रजी तर विचारूच नका. नाइफ लिहायचं तर आधी के लिहायचा, आणि वाचताना त्याला हाकच मारायची नाही! मी म्हटलं, तो के कशाला उभा असतो मग तिथे? "असतो आजोबा, पण बोलत नाही." घ्या! म्हणजे आमच्या घरातला मीच की! सून फोनवर सांगते, "आम्ही तिघंच असतो हो घरी."

तर मी काय केलं… हसू नका… मी त्या क्लासचा फॉर्म आणला. स्वतःसाठी! वारांची हाव सुटली हो. तीन वार उरले होते ते गोड मानून घ्यायचे, तर मला सगळे सहा हवे. काउंटरवरची बाई म्हणते, "आजोबा, हा सहावी ते आठवीसाठी आहे." म्हटलं, मी सातवी नापास, म्हणजे अजून सातवीतच की! सर बाहेर आले. कोवळा पोरगा, मिशीसुद्धा ॲडव्हान्समध्ये आलेली. "आजोबा, या वयात…" मी नुसतं दाराकडे बोट दाखवलं. तिथे त्यांनीच मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'शिकायला वय नसते'. सापडला की नाही! फॉर्मवर पालकाची सही हवी होती. मुलगा म्हणाला, "बाबा, मला मीटिंग आहे." नात म्हणाली, "आण इकडे, मी करते." आणि केली की हो, नाव फिरवून, खाली रेघ ओढून!

मग प्रवेश परीक्षा. सगळी पोरं मान खाली घालून खरडतायत, मी मागच्या बाकावर गुडघे दुमडून. गणिताचा पहिलाच प्रश्न… तुम्हाला सांगतो, अंगावर काटा आला! 'आजोबांचे वय नातीच्या वयाच्या सहापट आहे. दोघांच्या वयांची बेरीज एक्क्याण्णव. तर वये काढा.' अहो, काढायची कशाला? ती तेरा, मी अठ्ठ्याहत्तर! पेपरात आम्हीच! ठोकून दिलं उत्तर. खाली म्हणे पडताळा करा. केला. आठ आणि तीन अकरा, एक लिहिला. सात आणि एक आठ. एक्क्याऐंशी! म्हटलं, अरेच्चा, सरांचाच प्रश्न चुकला! मी त्यांचे एक्क्याण्णव खोडले, वर एक्क्याऐंशी लिहिले आणि बाजूला शेरा मारला, 'पुढच्या वेळी नीट तपासून द्यावे.'

शून्य! नातीनं पेपर बघितला, कपाळाला हात लावला. "आजोबा… हातचा एक! विसरलास?" विसरलो हो. धरायला बोट कोणाचं होतं तिथे? हातचा असाच असतो बघा. वर कोपऱ्यात बारीक लिहून ठेवायचा, आणि बेरीज करताना बाकीच्यांच्या घाईत तो राहून जातो.

पण सर भला माणूस. म्हणाला, "नाउमेद होऊ नका, तुम्हाला पाया पक्का करायच्या बॅचला घेतो." मी उड्या मारल्या, तर म्हणाला, "मंगळ, गुरू, शनी. चार ते सात."

आलं लक्षात? सोम, बुध, शुक्र ती क्लासला, मी घरी. मंगळ, गुरू, शनी मी क्लासला, ती घरी! होते ते तीन वारही घालवले! सोडून देईन म्हटलं, तर नात कमरेवर हात ठेवून… अगदी माझाच आवाज काढते हो कार्टी… "क्लास बुडवायचा नाही! मी पालक आहे तुझी!" दारापर्यंत सोडायला येते, माझं बोट धरते, "हातचा एक, विसरू नकोस," म्हणते, आणि सोडून जाते.

म्हणून गेले पंधरा दिवस मी वर्गात नुसता धुमाकूळ घालतोय. खडू लपवतो, पुढच्या मुलीची वेणी बाकाला बांधतो, सरांनी "समजा" म्हटलं की मोठ्यानं "समजलं!" म्हणतो. सर मोठे सोशिक हो, नवा खडू काढून शिकवत राहतात! शेवटी ओरडले एकदाचे. "मागच्या बाकावरचे आजोबा! आता पुन्हा आवाज आला, तर पालकांना बोलावून घेईन!"

म्हटलं, बोलवा हो सर, बोलवाच… आज मंगळवार आहे, ती घरीच असेल. तेवढीच भेट होईल.