बत्तीस पेट्या, बारा मेल्या

मंगळवार, १८ मार्च २०२५, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटं. ही वेळ आधीच सांगून टाकते, नंतर टाळ्यांच्या गडबडीत ती हरवायला नको. आता रीतसर वंदन करते. समारंभाचे अध्यक्ष आणि मधपाळ संघाचे प्रमुख श्री. नूर्दीन ओस्मोनालीयेव, प्रमुख पाहुणे आणि औषध कंपनीचे संचालक श्री. एल्दार मुर्झाकानोव, ज्यांच्या निरोपासाठी आपण जमलो आहोत ते ‘एस्पार्सेत’ मासिकाचे संपादक सुलतानकुल आके, आणि पेट्या साफ करायच्या ऐन दिवसांत काम टाकून काराकोलला आलेले वाचकहो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. मी सात घेईन. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहायला हरकत नाही.

इथे मला सगळे कुमुद एजे, म्हणजे कुमुदताई म्हणतात. एकवीस वर्षं मी सरकारी प्रयोगशाळेत मेलेल्या मधमाशा तपासल्या, आणि तितकीच वर्षं या मासिकात वाचकांच्या पत्रांचं पान सांभाळलं. म्हणजे मेलेल्या माशा आणि चिडलेली माणसं, या दोन विषयांत माझा अभ्यास बरा आहे.

सुलतानकुल आकेंबद्दल काय सांगू? त्यांचा संताप तुम्हाला ठाऊक आहे, अक्षर त्याहून वाईट आहे. पण त्यांनी पहिल्याच अंकात एक नियम घातला आणि सव्वीस वर्षं पाळला. मत कोणीही मांडावं, संपादकाला मूर्ख म्हणावं, पण सहीखाली दोन आकडे लिहावेत. पेट्या किती, आणि या हिवाळ्यात मेल्या किती. असं पत्र आलं की ते पुढच्या अंकात पान तीनवर छापायचंच. विरोधातलं असेल तर सगळ्यात वर.

तुम्हाला ते नमद्याचं प्रकरण आठवतं का? आकेंनी लेख लिहिला होता, की आपल्या आजोबांनी नमद्याच्या तंबूत हिवाळे काढले, तर माशांनी का काढू नयेत? पेट्यांना लोकरीचा जाड नमदा गुंडाळा. किती छान कल्पना. आपल्या सगळ्यांच्या छातीत अभिमान भरून आला. अर्ध्या खोऱ्याने घरातला जुना नमदा कापला. फक्त आक-सूच्या कालिबेक म्हाताऱ्याचं पत्र आलं. “संपादक माशांना मेंढपाळ समजतो. मेंढपाळ तंबूत शेकोटी पेटवतो आणि धूर जायला वर भोक ठेवतो. माझ्या साठ पेट्या, पाच मेल्या.” पत्र पान तीनवर, सगळ्यात वर आलं. आके आठवडाभर कोणाशी धड बोलले नाहीत. मार्चमध्ये त्यांनी स्वतःच्या पेट्या उघडल्या. नमद्याने आत ओल धरली होती. पुढच्या अंकात त्यांनी दोनच ओळी छापल्या. “कालिबेक बरोबर. मी चूक. चाळीस पेट्या, चौदा मेल्या.”

इकडे येण्याआधी मी नाशिकला नन्सच्या शाळेत शिकले. तिथे चूक केली की ती फळ्यावर स्वतःच्या हाताने, नावासकट लिहावी लागे. त्या शाळेबाहेर हे करणारा माणूस मला आयुष्यात एकच भेटला. तो आज या व्यासपीठावर मानाचा रेशमी झगा, चपान, अंगावर घेऊन, उकडतंय तरी शांत बसला आहे.

आता सुरुवातीला सांगितलेल्या त्या मंगळवाराकडे वळते.

पान तीन यंत्रावर चढलं होतं. मी छापखान्यात शेवटचं प्रूफ घेऊन उभी होते. अकरा वाजून वीस मिनिटांनी फोन आला, छापखान्याच्या मालकाने तो माझ्या हातात दिला.

“एजे, पान तीन काढतोय,” अध्यक्ष म्हणाले.

“का रे नूर्दीन? शुद्धलेखन चुकलं का माझं?”

“तुमचं कधी चुकलंय? तिथे पानभर रंगीत जाहिरात येतेय.”

“आपल्याकडे? जाहिरात? कशाची?”

“पट्टीची.”

कोणती पट्टी, ते सभागृहात सगळ्यांना माहीत आहे. माशांना चिकटणारा किडा मारायला पेटीत टांगतात, ती प्रमुख पाहुण्यांच्या कंपनीची नवी पट्टी. आणि काढलेल्या पानावर काय होतं? त्यूपच्या उमसुनाय शारीपोवा, त्या मागून तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांचं पत्र होतं. फार मोठं नाही. वाचते.

“सप्टेंबरमध्ये वीस पेट्यांत नवी पट्टी लावली, बारांत जुनंच औषध वापरलं. मार्चमध्ये उघडून पाहिलं. पट्टीच्या वीसपैकी अकरा मेल्या, सगळ्या अकरांत राणी आधी गेलेली दिसली. जुन्या औषधाच्या बारांपैकी एक मेली. माझी चूक असू शकते. थंडी लवकर पडली, पट्टी जास्त दिवस राहिली असेल. आणखी कोणाला असं दिसलं का? बत्तीस पेट्या, बारा मेल्या.”

झालं. एवढंच. यात शिवी आहे का? आरोप तरी आहे का? बाईने प्रश्न विचारला आहे, तोही स्वतःवर संशय घेऊन. कंपनीच्या उत्तरासाठी आकेंनी शेजारी तेवढीच जागा मोकळी ठेवली होती. पट्टी निर्दोष असेल तर ते त्याच पानावर सिद्ध झालं असतं, आणि पहिली माफी आम्ही छापली असती. मी स्वतः अजून काही ठरवलेलं नाही. अकरा पेट्यांवरून ठरत नसतं, म्हणून तर पत्र छापायचं असतं.

दुपारी अध्यक्ष मासिकाच्या कार्यालयात आले. मी तिथेच होते.

“आके, आता वय झालं. आराम करा.”

“माझं वय काल पण एवढंच होतं. पत्र छाप, मग वयाचं बोलू.”

“अहो, कंपनी सगळा खर्च उचलतेय. गुळगुळीत कागद, रंगीत चित्रं. वर्गणीच नको, फुकट वाटू. वाचक खूश होतील.”

“फुकटचा अंक वाचकाचा नसतो रे पोरा. वाचक मग फक्त गिऱ्हाईक असतो.”

त्यानंतर तीन आठवड्यांनी निमंत्रणपत्रिका आली. “प्रकृतीच्या कारणास्तव निवृत्ती.” आज सकाळी या प्रकृतीने माझ्या अंगणात दोन भरलेल्या पेट्या एकट्याने उचलून ठेवल्या आणि वर तीन वाट्या चहा प्यायला.

आमच्या नाशिककडे म्हण आहे, ज्याची खावी पोळी त्याची वाजवावी टाळी. सव्वीस वर्षं हे मासिक तुमच्या घरची भाकरी खात आलं, म्हणून ते तुमच्याशी भांडू शकलं आणि तुम्ही त्याच्याशी. मालक तुम्ही अकराशे चाळीस वर्गणीदार असले की कोणा एकाला फोन करून पान काढता येत नाही. अध्यक्ष महाशय, संघाने हे मासिक विकत घेतलेलं नाही. संघ फक्त छापून देतो. हा करार माझ्या पिशवीत आहे, जेवणानंतर दाखवते.

तेव्हा माझी मागणी. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात खोऱ्यातल्या बहुतेक पेट्यांत पुन्हा ही पट्टी टांगली जाणार आहे. पुढचा अंक १ मेला छापायला जातो. म्हणून बुधवार, ३० एप्रिल, दुपारी चार वाजेपर्यंत अध्यक्षांनी लेखी कळवावं की उमसुनायचं पत्र पान तीनवर, सगळ्यात वर छापलं जाईल आणि आके संपादक राहतील. उत्तर आलं नाही, तर अंक दुसऱ्या छापखान्यात छापू. वर्गणीदारांची यादी माझ्याकडे आहे, आधीची पानं आकेंच्या अक्षरात, बाविसाव्या पानापासून शेवटपर्यंत माझ्याच हस्ताक्षरात. तुम्हाला ती वाचताही येणार नाही.

आयोजकांचे आभार, स्वयंपाकघरात बोर्सोक तळणाऱ्या मुलींचे आभार, सात मिनिटांची नऊ झाली त्याबद्दल क्षमस्व. निरोपाच्या भाषणात निरोप द्यायचा राहून गेला, तो मुद्दाम राहिला. बोलण्यात कोणाला डंख लागला असेल तर मोठ्या मनाने पोटात घालावं.

कुमुद जापारोवा. तीन पेट्या, एक मेली.

आणि एल्दार साहेब, तुमच्या उत्तराची जागा अजून मोकळी ठेवली आहे, त्याच तारखेपर्यंत. फक्त सहीखाली पेट्या किती ते लिहायला विसरू नका. शून्य असतील तर शून्य लिहा. आम्ही तेही छापतो.