लमारचा गुडघा

(केंटकीतलं, ओहायो नदीकाठचं एक गाव. स्थानिक वर्तमानपत्राची कचेरी. क्रीडासंपादक रसेल हॅगनच्या टेबलासमोर ओडेसा प्रुइट उभी आहे. शाळेच्या बास्केटबॉल संघातल्या लमारची आई.)

ओडेसा : बसायला नाही आले मी. हे आधी वाचा. मोठ्यानं.

रसेल : बाई, माझंच लिखाण मला काय वाचायला लावता?

ओडेसा : मग मी वाचते. ‘प्रुइटचा गुडघा कमजोर, डोकं तापट.’ आणि गेल्या महिन्यात काय होतं? ‘पोलादी पाय, थंड डोकं.’ महिन्याभरात पोलाद गंजलं का हो?

रसेल : नवी माहिती हाती आली की लिहावंच लागतं.

ओडेसा : कसली नवी माहिती! गुडघा दुखावला तो नववीत. तुम्हीच तुमच्या गाडीत घालून डॉक्टरकडे नेलंत त्याला. नवीन एवढंच, की पोरगा आपल्या विद्यापीठाच्या संघाला नाही म्हणाला आणि नदीपलीकडच्या विद्यापीठाकडून खेळायला चाललाय.

रसेल : इथं लोक पोरांची नावं आपल्या विद्यापीठाच्या खेळाडूंवरून ठेवतात. त्यांना राग आलाय. तो मी मांडला.

ओडेसा : मांडला नाहीत, पेटवलात! काल पेट्रोल पंपावर एकजण थुंकला त्याच्या अंगावर. शाळेत जाणारं पोर आहे ते! आणि त्याच्याच संघातल्या त्या वकिलाच्या मुलानं पिऊन गाडी खांबावर घातली, तेव्हा तुमच्याकडे ‘किरकोळ अपघात’. का, तर तो आपल्याच विद्यापीठाकडून खेळणार!

रसेल : जरा हळू बोला. विद्यापीठाच्या प्रशिक्षकानं माझं तोंड बघायचं नाही ठरवलं, तर बातम्या कुठून आणू मी?

ओडेसा : म्हणजे तुमची खुर्ची टिकावी म्हणून माझ्या पोराचा गुडघा मोडायचा.

रसेल : तसं नाही... हे बघा, पाठवा लमारला. मुलाखत छापतो. त्याची बाजू, त्याच्या तोंडून.

ओडेसा : त्याची बाजू तुम्हाला ठाऊक आहे. इथल्या विद्यापीठात त्याला दोन वर्षं न खेळवता नुसतं बाकावर बसवणार होते. हे त्यानं सगळ्यांत आधी तुम्हाला सांगितलं. माझ्याही आधी!

रसेल : हो. सांगितलं होतं.

ओडेसा : आणि अजून काय म्हणतो माहितीये? ‘आई, हॅगनकाका असं लिहायचे नाहीत. वरच्या कुणीतरी बदललं असेल.’ घरी वाट बघतोय. काय सांगू त्याला?

रसेल : कुणी काही बदललं नाही म्हणावं. शब्द न् शब्द माझाच आहे.