वेबसाइट वेगवान कोणी केली?

माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावर विराजमान असलेले आपल्या रक्तपेढीचे विश्वस्त, आजचे सत्कारमूर्ती म्हणजेच आमचे मावळते विभागप्रमुख साहेब, त्यांच्या शेजारी बसलेल्या वहिनी, आणि 'हे कधी संपतंय' म्हणून मघापासून चुळबुळ करणारे माझे सहकारी, तुम्हां सगळ्यांना नमस्कार.

मला चार शब्द बोलायला सांगितलं आहे. विषयही साहेबांनीच सुचवला: वेबसाइटचा कायापालट. आत्ता वाचलेल्या मानपत्रात त्यावर अख्खा परिच्छेद आहे. 'साहेबांच्या दूरदृष्टीमुळे' अशी सुरुवात होते. तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. बावीस वर्षांची सवय, हात आपोआप उठतात.

तर कायापालट कसा झाला, तेच सांगते.

चार वर्षांपूर्वी सकाळी अकराच्या सुमारास एक सुतार आपल्या कार्यालयात आला. शर्टावर लाकडाचा भुसा तसाच होता. बायको प्रसूतीसाठी दाखल, रक्तगट दुर्मीळ. त्याने मोबाइल माझ्यासमोर धरला. त्यावर आपली वेबसाइट होती आणि नुसतं चाक फिरत होतं. "ताई, हे किती वेळ फिरणार?" त्याने विचारलं. मी म्हटलं, "थोडं थांबा." तो म्हणाला, "मी थांबेन हो. तिचं काय?"

पलीकडच्या टेबलावर आमचे मास्तर होते. नव्या लोकांना न कंटाळता शिकवायचे, म्हणून मास्तर. रक्तदात्यांच्या नोंदी ठेवणारा डेटाबेस सर्व्हर त्यांच्याकडे होता. त्यांनी सरळ सर्व्हरमधल्या नोंदी उघडून त्या भागातले रक्तदाते शोधले, फोन लावले आणि दुपारपर्यंत दोघेजण रक्त देऊन गेले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. हे मात्र मानपत्रात नाही.

मास्तर तिथेच थांबले नाहीत. वेबसाइट का रखडते, ते त्यांनी शोधून काढलं. एक रक्तगट शोधायचा तर सर्व्हर चाळीस लाख नोंदी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचत होता. जाड पुस्तकाला मागे सूची नसावी आणि एका शब्दासाठी पानन् पान उलटावं, तसं. शिवाय यंत्रात मेमरी चौसष्ट जीबी, पण डेटाबेसला वापरायला दिलेली फक्त एकशे अठ्ठावीस एमबी. बसवला त्या दिवशी जी मांडणी होती, तीच. मोठ्या घरात राहायचं आणि संसार जिन्याखाली मांडायचा, असा प्रकार! त्यांनी लेखी कळवलं: रक्तगट आणि विभाग यांवर सूची करू, मेमरी वाढवू, त्यासाठी वेबसाइट दहा मिनिटं बंद ठेवावी लागेल.

साहेब, आठवतं का तुम्ही काय म्हणालात? मला आठवतं, मी फाइल घेऊन तिथेच उभी होते. "दहा मिनिटं बंद? वर काय तोंड दाखवू? आणि असल्या किरकोळ कामाचं उद्घाटन होतं का?"

मास्तरांनी तीनदा लिहिलं. तीनदा कागद तुमच्या खणात गेला. उद्घाटन होण्याजोगा नवा सर्व्हर मात्र आला. जुनी मांडणी जशीच्या तशी त्यात ओतली, कारण 'आता हात लावू नका' असा तुमचा हुकूम होता. पाहुण्यांनी कळ दाबली आणि भल्या मोठ्या पडद्यावर तेच चाक फिरू लागलं. सगळे बघत राहिले. तुम्ही वळलात आणि मास्तरांकडे बोट दाखवून म्हणालात, "यांनी काहीतरी छेडछाड केली आहे."

वहिनी, बसा ना. थोडंच राहिलंय.

चौकशी झाली. मास्तरांच्या अर्जांची प्रत कुणाला सापडेना. समितीने मला विचारलं, "असे अर्ज दिले होते का?" मी म्हणाले, "मला माहीत नाही." माहीत होतं. आवक नोंद माझ्याच हातची होती. पण साहेबांनी आदल्या दिवशी बोलावून विचारलं होतं, "मॅडम, तुमची बढती याच वर्षी आहे ना?" बस, एवढंच. मास्तरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. त्यांची बदली जुन्या फायलींच्या तळघरात झाली. आठ महिन्यांनी त्यांनी राजीनामा दिला.

मला बढती मिळाली आणि त्यांच्या खुर्चीवर मी बसले. त्यांच्या वहीत सगळं पायरीपायरीने लिहिलेलं होतं. एका रविवारी सकाळी कुणालाही न विचारता मी ते केलं. वेबसाइट सात मिनिटं बंद होती. अठ्ठावीस सेकंदांचं काम अर्ध्या सेकंदाच्या आत होऊ लागलं. सोमवारी साहेब म्हणाले, "बघा, नवा सर्व्हर मुरला!" सर्व्हर काय लोणचं आहे? पण मी तेव्हाही गप्प बसले.

काल मास्तरांना फोन केला. म्हटलं, "उद्या बोलणार आहे." ते म्हणाले, "आता कशाला गं? मला गाऱ्हाणं नाही. पण तू खोटं बोललीस, ते मी विसरलो नाही."

विसरूही नका म्हटलं.

अध्यक्ष महोदया, आज दुपारी तीन वाजता मी तुमच्या कार्यालयात माझा नवा जबाब दिला आहे. आवक नोंदीची पानं सोबत जोडली आहेत. त्या चौकशीत मी खोटं बोलले, हे त्यात पहिल्याच ओळीत आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी. साहेब, तुमचं नाव दुसऱ्या ओळीत आहे. निवृत्ती उद्यापासून आहे, आज तुम्ही अजून सेवेत आहात.

आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या ओघात कुणाचा उल्लेख राहिला असेल, एखादा शब्द जड गेला असेल, तर या सभागृहाने मला माफ करावं. सत्कारमूर्तींकडे मात्र मी माफी मागत नाही.