नाक्यावरचं गॅस्केट

बाकावर आपल्या गाडीची वाट बघत बसलेल्या शिक्षिकाबाईंनी मान वर केली. समोरच्या गाडीचं बॉनेट उघडून मेकॅनिक गिऱ्हाइकावर डाफरत होता.

“इंजिनाच्या झाकणाचं गॅस्केट कोणी बदललं?”

“ऑइल गळत होतं, मामा. तुम्ही नेमके गावाला.”

“मी यायच्या आत दम निघाला नाही? कुठे गेलास?”

“नाक्यावर. नवं गॅरेज झालंय ना...”

“वाटलंच! बोल्ट बघ कसे आवळलेत.”

“पण आता थेंबही गळत नाही.”

“कौतुक पुरे त्याचं.”

“मामा, मी फक्त वायपर बदलायला आलोय.”

“वायपर नंतर. तो पाना दे इकडे. झाकण खोलतो, गॅस्केट मी बसवतो.”

“आणि परत गळायला लागलं तर?”

“तर माझ्याकडे यायचं!”