खालची जुडी

उडी चुकली की चूक बटनाची का बोटाची? साधा प्रश्न आहे हो. मी मोबाईलवाल्या रवीला विचारला, तो म्हणाला, स्क्रीनगार्ड बदलून बघ. डॉक्टरांना विचारला, त्यांनी पुढच्या पेशंटला आत बोलावलं. आईला विचारला, ती म्हणाली, आधी ताटातलं संपव. आणि ज्याला खरं उत्तर माहीत होतं त्याला मी विचारलाच नाही... म्हणजे विचारला, पण ज्या तोंडाने विचारला ते तोंड... थांबा, येतो मी त्याच्याकडं.

नमस्कार राहिला. तुम्हाला सांगतो, लाइव्ह करायची ही माझी पहिलीच वेळ, त्यामुळे फोन कुठं टेकवायचा तेही कळेना, शेवटी शेपूच्या रिकाम्या कॅरेटला टेकवलाय. मी भारत. कुंदनदादाचा धाकटा भाऊ. हे चॅनल दादाचं, मोबाईलवरचा कोणता गेम घ्यावा ते सांगणारं. दादाला जाऊन आज सव्वीस दिवस झाले. तुमचं खाली लिहिलेलं दिसतंय मला, जरा सावकाश लिहा, मी सातवीतून सुटलेला माणूस आहे, मला अक्षर लावून वाचावं लागतं. सगळे एकच विचारताय, दादा त्या 'मांडव' गेमला नको म्हणाले होते, मग काल व्हिडिओचं नाव कसं बदललं, चॅनल हॅक झालं का? हॅक नाही झालं. मीच बदललं. आणि ते 'घ, घ' काय लिहिताय एवढे जण, ते काही मला समजत नाहीये, नंतर बघू. 'मांडव' घ्यावा का नाही, त्याच्याकडंच येतोय मी.

तर चॅनलचं नाव 'खालची जुडी' का, हे नवीन लोकांना माहीत नसेल. आम्ही मखमलाबादचे, भाजीपाल्यावाले. कोथिंबीर, मेथी, शेपू. संध्याकाळी लिलावाला माल नेला की जुड्यांचा ढीग लावायचा. आता वरची जुडी काय, कोणाचीही हिरवीगारच असते, पाणी मारून नवरीसारखी बसवलेली. मुरलेला व्यापारी तिच्याकडे बघतसुद्धा नाही. तो सरळ खाली हात घालतो, तळातली एक ओढतो, वास घेतो, मग तोंड उघडतो. दादा म्हणायचा, गेमचंही तसंच. जाहिरात म्हणजे वरची जुडी, पहिली लेव्हल म्हणजे वरची जुडी. तिसऱ्या लेव्हलपर्यंत जा आणि तिथं हात घाला. आणि किंमतसुद्धा हा माणूस जुड्यांत सांगायचा. हा गेम चाळीस जुड्यांचा, हा दीडशे जुड्यांचा. बरं, कोथिंबिरीचा भाव सोमवारी एक आणि गुरुवारी भलताच, त्यामुळे लोक खाली विचारायचे, दादा, चाळीस जुड्या म्हणजे कोणत्या वाराच्या?

मारामारीचे गेम बघायचा तो, तलवारीचे, बंदुकीचे, पण त्यातही आधी उडी तपासायचा. उड्यांचे गेम म्हणजे त्याचा जीव. तो म्हणायचा, चांगल्या गेमला माया असते. आता माया कशी? तर बघा, तुमचा गडी धावतोय, कडेवरून पाय सुटला, खाली खड्डा, आणि तुम्हाला बटन दाबायला उशीर झाला. वाईट गेम म्हणतो, मेलास. चांगला गेम म्हणतो, असू दे, दाबलंस ना, आणि हवेतूनसुद्धा उडी देतो. पापणी लवते ना, तेवढीच सवलत, खेळणाऱ्याला कळतही नाही की कोणी सांभाळून घेतलं. त्याला दादा माया म्हणायचा. मग निकाल एका वाक्यात. माया आहे, घ्या. माया नाही, घेऊ नका. झालं. मला कुठं दोन शब्दांत बोलता येतंय? घ्यावा का नाही, येतोय, येतोय.

'मांडव' केला नांदगावच्या तृप्तीताईंनी. एकटीने, दोन वर्षं लावून. द्राक्षाच्या मांडवावरून एक खार पळते, या तारेवरून त्या तारेवर, मागून फवारणीचा ट्रॅक्टर येतोय, समोरून बुलबुल येतात, त्यांना कच्ची द्राक्षं फेकून मारायची. त्यांनी दादाला लिहिलं होतं, तुम्ही बघा आणि जे असेल ते खरं सांगा.

नेमकं ज्या दिवशी दादाने तो गेम बघितला, त्या दिवशी लिलावात मी माती खाल्ली होती. आदल्या दिवशीच्या जुड्या उरलेल्या, पिवळ्या पडलेल्या, मी म्हटलं, कोण बघतंय, आणि लावल्या ढिगाच्या तळाला. व्यापारी आला. त्याने हात कुठं घातला असेल? दादा तिथंच. मला वाटलं, सांभाळून घेईल, काहीतरी सांगेल, उन्हाने झालं म्हणेल. दादा सगळ्यांसमोर म्हणाला, "माझ्या भावानं लावलीय. हा ढीग आज विकायचा नाही." आणि सगळा माल परत गाडीत. घरी म्हशीपुढं टाकला, तर म्हशीनेसुद्धा वास घेतला आणि माझ्याकडं बघून मान फिरवली.

माझं डोकं असं फिरलं होतं, तुम्हाला सांगतो... आणि त्याच संध्याकाळी रेकॉर्डिंग. दादाची पद्धत होती, एक फोन खेळायचा आणि दुसऱ्या फोनने त्याचा अंगठा दाखवायचा, म्हणजे लोकांना कळावं बटन कधी दाबलं. तो दुसरा फोन धरायचं काम माझं. म्हणजे दादाचा अंगठा माझ्या डोळ्यांपासून वीतभर. खार पळाली, तिसरी लेव्हल, एक तार, पडली. परत, त्याच तारेवर पडली. सहा वेळा पडली. दादाने कपाळाला हात लावला, म्हणाला, "उशिरा लागतेय रे उडी. माया नाही." आणि निकाल दिला. घेऊ नका.

आता जे सांगतो ते मी आईलाही सांगितलेलं नाही. यूट्यूबवर माझं दुसरं एक खातं आहे, टायगर नाशिक नावाने. वाघाचा फोटो लावलेला. दुसऱ्यांना शिव्या घालायला काढलं होतं. त्या रात्रीचं जेवणसुद्धा झालं नव्हतं, भाकरी तव्यावर आणि मी अंगणात बसून, दादाने नुकत्याच टाकलेल्या त्या व्हिडिओखाली टायगर होऊन लिहिलं, "ऊडि गेमची नाय चुकत. तुमचा अंगठा झोपलाय. मेंदी लावून बसता काय?" तेहतीस लोकांनी पसंत केलं. मग बाकीचे पण सुटले. दादा म्हातारे झाले, दादा आता भजनाला बसा. आणि मी आत येऊन दादाशेजारी बसून तीच भाकरी खाल्ली. दादाच्या हातातून पाण्याचा तांब्या निसटला. मी हसलो. मी म्हटलं, दादा, तांब्याला पण माया नाही वाटतं.

हसू नका. हसलात तरी चालेल, मी पण हसलो होतो.

मग दादा डॉक्टरकडं गेला. कशाला गेला, मला माहीत नव्हतं, मला वाटलं, तांब्या पडला म्हणून गेला असेल. तिथून मोठ्या दवाखान्यात, तिथं ते मशीन, आणि डोक्यात गाठ निघाली. त्या गाठीने उजवा हात धरलेला. मी डॉक्टरांना विचारलं, साहेब, अंगठा कधीपासून उशिरा चालत असेल? ते म्हणाले, घरच्यांच्या लक्षात आलं असेल ना.

घरचे म्हणजे मी. वीतभरावर.

दवाखान्यात शेवटी शेवटी दादाला बोलणं जड जायचं, एक वाक्य झालं की दमायचा. एकदा म्हणाला, "भारत, खारीची उडी परत बघ रे." मी काय केलं असेल? मी उठलो, खिडकीतून बघितलं. खाली पार्किंग, एक कडुलिंब. पाच मिनिटं नीट बघितलं मी. परत येऊन सांगितलं, दादा, इथं खार नाहीये. दादा अर्ध्या तोंडाने हसला. आईला वाटलं, भ्रम झाला, तिने पर्समधलं लिंबू काढून त्याच्यावरून ओवाळलं. आणि दादाचा फोन त्या वेळी कुठं होता? माझ्या हातात. बंदुकांचा गेम खेळत होतो मी त्याच्यावर. वरून एक मेसेज आला, तृप्ती, नांदगाव, लांबलचक होता. मी माशी हाकलतात तसा बोटाने हाकलला. लांब काही वाचायचा कंटाळा मला. त्यानंतर सहा दिवसांनी दादा गेला.

घ्यावा का नाही, विसरलो नाहीये मी. आलोच.

तेरावं झालं. पाहुणे गेले. मला एकदम भीती वाटली की ते टायगरचं लिहिलेलं तसंच तिथं आहे, कोणीतरी वाचेल. म्हणून पुसायला गेलो. त्या दिवसानंतर मी ते खातं उघडलंच नव्हतं. उघडलं, तर माझ्या त्या वाक्याला दादाने बदाम दिलेला, लाल. आणि खाली उत्तर. दोन महिने तिथं पडून होतं.

दादाने लिहिलं होतं, "उडी. उ ऱ्हस्व, डी दीर्घ. बाकी बरोबर आहे."

अहो, मला लहानपणापासून तोच शिकवायचा. मी शाळा सोडली, पण त्याने मला सोडलं नाही. पिकअपच्या मागच्या काचेवर धूळ असायची ना, त्यावर बोटाने अक्षरं काढून दाखवायचा. 'ऊडि' असं लिहिणारा सगळ्या नाशिक जिल्ह्यात मी एकटाच असणार, वाघाचा फोटो लावून काय झाकणार होतो मी? आणि 'बाकी बरोबर आहे' म्हणजे काय, सांगा. अंगठा झोपलाय, हे त्याला कळलं होतं. घरात कोणाला बोलला नाही. मला बोलला. तिथं बोलला. आणि मी दोन महिने वाचलं नाही. खालची जुडी, खालची जुडी म्हणून हा माणूस ओरडत राहिला, आणि त्याच्या शेजारी झोपूनसुद्धा मी कधी हात घालून बघितला नाही.

मग तो लांबलचक मेसेज काढला. अक्षर लावून वाचला. "दादा, तुम्हाला म्हटल्याप्रमाणे बदल केलाय. सेटिंगमध्ये जास्त मायेचं बटन दिलंय. आता अंगठा उशिरा पडला तरी खार पडणार नाही. जमेल तेव्हा परत बघा. घाई नाही."

मी तृप्तीताईंना फोन लावला. म्हटलं, मी कुंदनचा भाऊ, आणि पुढचं सगळं त्याच बोलल्या. त्यांनी दादाचा व्हिडिओ थांबवून थांबवून बघितला होता. म्हणाल्या, आधी राग आला होता खरा, दोन वर्षांचं काम, एका वाक्यात गेलं. पण अंगठा बघितला आणि राग गेला. सहाही वेळा अंगठा उशिरा हलत होता. म्हणून त्यांनी दादाला कळवलं होतं, गेमचं राहू द्या, आधी हात दाखवून या. म्हणजे दादा डॉक्टरकडं गेला तो कोणाच्या सांगण्यावरून? ज्या बाईचा गेम त्याने नको म्हटला, जिने त्याला कधी समोरून पाहिलं नाही, तिच्या. मी विचारलं, ताई, तुम्ही लोकांना का नाही सांगितलं, गेम बरोबर आहे म्हणून? त्या म्हणाल्या, "भाऊ, मग लोकांनी त्यांच्या हाताकडं बघितलं असतं."

झालं. आता निकाल.

मी 'मांडव' स्वतः घेतला, दादाच्या फोनवर नाही, माझ्या. तिसऱ्या लेव्हलपर्यंत गेलो, त्याच तारेवर हात घातला. जास्त मायेचं बटन बंद ठेवून खेळलो. उडी लागते. जरा उशीर केला तरी लागते. पहिल्यापासूनच माया होती त्यात. मग ते बटन चालू केलं आणि मुद्दाम दादासारखं दाबलं, अंगठा जड करून, उशिरा, तसा उशीर मला आता पाठ झालाय. सहा वेळा दाबलं. सहाही वेळा खार पलीकडच्या तारेवर. बुलबुलांचा आवाज जरा कर्कश आहे आणि पाचव्या लेव्हलला ट्रॅक्टर अडकतो, ते ताईंना सांगितलंय. शंभर जुड्यांचा गेम आहे. आजच्या वाराच्या.

म्हणून काल मी व्हिडिओचं नाव बदललं. दादाने आयुष्यात एकच निकाल चुकीचा दिला, तो त्यालाच दुरुस्त करायचा होता, आणि मी खिडकीतून झाडावर खार शोधत बसलो. 'उडी' नीट लिहिलंय बघा, उ ऱ्हस्व, डी दीर्घ, चारदा तपासलंय. टायगरचं ते पुसलं नाही. राहू द्या तसंच. ते पुसलं तर त्याच्याखालचं दादाचं पण जाईल.

आता ते 'घ, घ' काय लिहिताय तुम्ही? थांबा, वाचतो. तृप्तीताई आहेत का ह्या? 'भाऊ... घ्या... मधला... घ... ध झालाय.' कुठं? 'मांडव. उडी बरोबर आहे. ध्या.' अरे देवा. चारदा 'उडी' तपासली आणि शेवटचा शब्दच... म्हणजे कालपासून मी लोकांना सांगतोय, ध्या.

दादा काचेवर काढून दाखवायचा. ध ला गाठ असते, घ ला नसते. एवढं साधं. शंभरदा सांगितलं असेल.

थांबा, जाऊ नका, बदलतो... बदललं.

काढली बघा गाठ. मला काढता आली ती एवढीच. घ्या.