आधी मागावं लागतं

मुलगी : आज मैदानावर हे मॉडेल विमान तुम्हीच उडवणार म्हणता, म्हणूनच मी दोन रिमोट आणलेत, बाबा. एक तुमच्या गळ्यात, एक माझ्या.

बाबा : शिकाऊ पोरांसारखे?

मुलगी : माझा मुख्य. त्यावरचा खटका मी दाबून धरला, की विमान तुमच्या हातात. सोडला, की माझ्या.

बाबा : मला नको सांगूस. त्याच्यावरच शिकवलंय तुला. तेव्हा खटका माझ्याकडे होता.

आई : आता तिच्याकडे. त्यात काय एवढं? आधी पंख बसवा बघू. सहा वर्षं पलंगाखाली होते ते. माझी चादरींची पेटी गॅलरीत गेली त्यांच्यापायी. आज तरी त्यांना त्यांची जागा मिळू दे.

बाबा : तू तो आग विझवायचा सिलिंडर सांभाळ. इंजिन पेटताना मागून ज्वाळा दिसली तर घाबरायचं नाही. मी म्हणेन तेव्हाच दाबायचं.

आई : तुम्ही म्हणाल तेव्हा? मग झालंच. सकाळी शर्टाची बटणं लावायला दार लावून बसलात. चहा निवून गेला. दोनदा बाहेरून विचारलं, लावून देऊ का. उत्तर काय, तर 'आलोच'. आणि आलात तर वरचं बटण उघडंच.

बाबा : वरचं मी लावत नाही.

आई : आयुष्यभर लावत आलात.

मुलगी : डॉक्टर स्पष्ट बोललेत, बाबा. हाताची थरथर आता जायची नाही. वाढणारच आहे.

बाबा : डॉक्टर म्हणाले रोज चाला, सुरी हातात घेऊ नका. विमानाबद्दल अवाक्षर काढलं नाही.

मुलगी : तुम्ही त्यांना विमानाबद्दल सांगितलंच नाहीत. आणि ते निळं विमान?

बाबा : ते वाऱ्यानं पडलं.

आई : अहो, त्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं.

मुलगी : आणि हे निळ्यासारखं लहान नाही. वीस किलोचं धूड आहे, पोटात रॉकेल.

बाबा : मला सांगतेस? ये इकडे, ठमे. हे रिव्हेट बघ, पत्र्याचे खिळे. खऱ्या विमानाला जितके असतात तितके. एकेक म्हणजे डिंकाचा एक थेंब, सिरिंजनं ठेवलेला. ही डावी बाजू आधीची, हात चांगला होता तेव्हाची. आता उजवी बघ.

मुलगी : वाकडे गेलेत.

बाबा : खरवडले, परत घातले. परत वाकडे. शेवटी म्हटलं राहू देत. हे माझं शेवटचं विमान आहे. पुढचं व्हायचं नाही माझ्याच्यानं. म्हणून पहिलं उड्डाण मी करणार. पडलं तर माझ्या हातून पडू दे.

मुलगी : ते पडेल हो. पण नंतर तुम्ही उठाल का? निळं पडल्यावर कित्येक महिने विमानांच्या खोलीत पाय ठेवला नव्हतात. जेवताना मान वर करत नव्हतात. मला विमानाची काळजी नाही, बाबा. तुमची आहे.

बाबा : ठीक आहे. घाल तो रिमोट गळ्यात. पण एक कबूल कर. मी 'घे' म्हणाल्याशिवाय खटका सोडायचा नाही. विमान आडवं झालं तरी. मैदानाची रीत आहे ती. त्यानं मदत मागितल्याशिवाय दुसऱ्याच्या हातातलं विमान घ्यायचं नसतं.

मुलगी : आणि मागायलाच कुणाला जड गेलं, तर? रीत काय म्हणते?

आई : यांनी आजवर ताटात मीठ मागितलेलं नाही. अळणी जेवतील, पण मागणार नाहीत.

मुलगी : बरं, कबूल. तुम्ही म्हणेपर्यंत नाही सोडणार. पण या टर्बाइन इंजिनाचा पहिला धडा काय दिला होतात, आठवतंय?

बाबा : पुष्कळ धडे दिलेत.

मुलगी : की हे इंजिन पंख्याच्या इंजिनासारखं नाही. ताकद मागितली की लगेच मिळत नाही. आधी श्वास घेतं, मग देतं. म्हणून जमिनीशी आल्यावर मागून उपयोग नसतो. वर असतानाच मागायची.

बाबा : पाठ आहे की तुला.

मुलगी : तुमची बोलणी खाऊन पाठ झालंय.

(इंजिन शिट्टी घालत पेटतं. विमान धावपट्टीवरून धावतं आणि चाकं जमिनीवरून सुटतात. तिघंही वर बघत उभे.)

आई : गेलं. अगं बाई, खरंच गेलं की.

मुलगी : चाकं आत घ्या, बाबा.

बाबा : घेतली. चाकांवरची दारं मिटली का? मला एवढ्या लांबचं दिसत नाही.

मुलगी : तिन्ही मिटली.

बाबा : त्या दारांनी वर्षभर छळलंय मला.

आई : पलंगाखालचं वाटतच नाही. अगदी खरं विमान वाटतंय.

बाबा : खरंच आहे ते.

मुलगी : छान चाललंय. आता वळवा, आपल्या समोरून एक फेरी घ्या.

बाबा : बोलू नकोस. आवाज ऐकू दे.

आई : अहो, तो पंख लचकतोय का? मघापासून बघतेय, वर-खाली, वर-खाली—

मुलगी : आई.

बाबा : विचारू दे तिला. पंख नाही लचकत. माझा अंगठा आहे तो.

मुलगी : वर आहे तोवर काही बिघडत नाही. आभाळात जागा भरपूर आहे.

बाबा : खाली नाही. रॉकेल?

मुलगी : उतरण्यापुरतं. एखादी फेरी जास्त. खटका दाबलेला आहे, बाबा. मी सोडलेला नाही.

बाबा : तू सोडायची नाहीस. हट्टी आहेस.

आई : कोणावर गेलीये ते दिसतंय.

बाबा : चाकं खाली. शेवटचं वळण घेतो. … सुंदर दिसतंय गं. उजवी बाजू उन्हात आलीये. इथून वाकडे दिसत नाहीत रिव्हेट.

मुलगी : नाही दिसत.

बाबा : घे.

मुलगी : काय?

बाबा : घे म्हणतोय.

मुलगी : अजून खूप वर आहे, बाबा. सरळ आहे. तुम्हाला अजून—

बाबा : म्हणून आत्ताच मागतोय. खाली आल्यावर मागून उपयोग नाही. घे.

मुलगी : घेतलं.

बाबा : नाक जरा वर. ताकद माग, आत्ताच माग. हं. आता काही करू नकोस, येऊ दे त्याला. येऊ दे…

मुलगी : टेकलं. बाबा, टेकलं.

बाबा : बघितलं मी.

मुलगी : हात खाली घ्या आता. रिमोट अजून घट्ट धरलाय तुम्ही.

आई : आणि मी हा सिलिंडर. काही विझवायचंय का?

बाबा : नाही. इंजिन गार होईल आपलं आपण. ठेव तो खाली. … अगं, इकडे ये जरा.

आई : काय झालं?

बाबा : गळ्याशी वारा लागतोय. हे वरचं बटण लाव.

आई : मान वर करा.